शेवाळ-बिवाळ

२ मार्च

ताई,

वर नमस्कार लिहिला तर म्हणशील, आता काय मागायचंय हिला. नाही लिहिला तर म्हणशील, शिकली-सवरली आणि रीत विसरली. म्हणून नुसतंच ताई.

मावशीकडे राहायला गेल्यापासून फोन तू उचलत नाहीस. मावशीच्या फोनवर केला की मावशी म्हणते, झोपलीय. सकाळी केला तरी झोपलीय, भर दुपारी केला तरी झोपलीय. तुला दिवसा आडवी झालेली मी जन्मात पाहिलेली नाही, तापातसुद्धा तू बसून कांदा चिरायचीस. मावशीला खोटं बोलायची सवय नाही, बिचारी दर वेळी तेच एक वाक्य पुढे करते. म्हणून हे पत्र. पत्राला झोपलीय सांगून परत पाठवता येत नाही.

आधी चांगली बातमी. पोहण्याचे सर घरी आलेत. घशाची सूज पूर्ण उतरली, आवाज मात्र अजून बसलेला आहे. दवाखान्यातल्या जेवणाला त्यांनी इतकी नावं ठेवली म्हणे, की नर्सनेच डॉक्टरांना सांगितलं, यांना आता सोडा. म्हणजे बरे आहेत.

तू मावशीला काय सांगितलंस ते तिने मला सांगितलं. सरांना कोळंबी चालत नाही हे तुला कधीपासून माहीत आहे. त्यांचा माशाचा बर्गर तू वेगळ्या तव्यावर करतेस, वेगळ्या उलथन्याने उलटतेस. त्या दुपारी गर्दी होती आणि घाईत तुझ्या हातात कोळंबीचं उलथनं आलं असणार, असं तू म्हणतेस. दोन-चार घासांत सरांचे ओठ सुजले, श्वास घेता येईना, पोहण्याच्या वर्गातल्या कुणाच्या तरी गाडीत घालून त्यांना नेलं. आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत तू पुढे होऊन सांगितलंस, चूक माझी आहे.

ताई, चूक कोणाच्याही हातून होते. मोठमोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात होते, तिथे तर चार माणसं नुसती लक्ष ठेवायला असतात. तू एकटी. मी माझ्या पेशातली म्हणून सांगते, असं होऊ शकतं आणि त्यासाठी माणसाने स्वतःला इतकं खाऊ नये. सरांचाही तुझ्यावर राग नाही. दुकान विकायचं तुझ्या डोक्यात आहे असं मावशी म्हणाली. ते तेवढं घाईने करू नकोस.

लोकांचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या दुकानाच्या खिडकीचा फोटो टाकून कुणीतरी लिहिलंय, इथे खाऊ नका. लिहिणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं. दोन आठवड्यांत विसरतील.

आणखी एक. त्या दुपारी तू मला फोन केला होतास, आमच्या कंपनीच्या पावडरीच्या त्या निळ्या डब्याबद्दल काहीतरी विचारायला. चित्रीकरणाची वेळ होती, मेकअपवालीने माझा चेहरा धरून ठेवला होता, शेजारी केस वाळवायचं यंत्र घरघरत होतं. तू काय विचारत होतीस ते मला धड ऐकूही आलं नाही. उगाच काहीतरी बोलून मी फोन ठेवला. तुला तुटक वाटलं असेल तर राग धरू नकोस.

जेवत जा.

तुझी
छोटी


१० मार्च

ताई,

पत्राचं उत्तर नाही, पण मावशीकडून निरोप आला की दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे तर ते आवरून घ्यावं, रसवाले बघायला येणार आहेत. म्हणजे तुझं ठरलं. तुझ्या जागेत उसाचा... नाही, संत्र्याचा रस काढणारं यंत्र येणार. मी काय बोलणार? मावशी असंही म्हणाली की तू तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीस. भाजी चिरायला सांगितली तर हात मागे घेतेस. पाणीसुद्धा दुसऱ्याने ओतून दिलं तर पितेस.

काल गेले. शटर वर करायला मला पोहण्याच्या तलावावरच्या रखवालदाराची मदत घ्यावी लागली, तू ते एका हाताने कसं उचलायचीस देव जाणे. आत काहीच बदललेलं नाही. एका भिंतीला माशाचा तवा आणि त्याखाली लाकडी मुठीचं उलथनं. समोरच्या भिंतीला कोळंबीचा तवा आणि अख्खं लोखंडी उलथनं. मधे तुझी उभी राहायची जागा. एकीकडून दुसरीकडे हात पोचत नाही, पाऊल टाकावं लागतं. मी दोन्हीकडे हात लांबवून पाहिला. माझा हात तुझ्यापेक्षा लांब आहे तरी पोचला नाही.

हे मी का लिहिलं कोण जाणे. पुढचं ऐक.

पाटी पुसली. "यात मासा, अंडं, बटाटा, ब्रेडचा चुरा. यात कोळंबी, अंडं, ब्रेडचा चुरा." तुझं ते गोल गोल अक्षर. मी तुला एकदा म्हटलं होतं, ताई, कोण वाचतंय हे, त्यापेक्षा "ताजं आणि चविष्ट" लिही. तू म्हणालीस, ते खाल्ल्यावर कळतंच की.

खिडकीत निळा डबा होता. त्यावरच्या माझ्या फोटोवर धूळ बसली होती, पांढरा कोट आणि ते हसू. डबा तू अशा जागी ठेवला होतास की पैसे देताना प्रत्येकाला तोच दिसावा. येईल त्याला सांगायचीस ना, ही आमची डॉक्टरीण? मी किती वेळा सांगितलं की मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ आहे. तू म्हणायचीस, एवढा मोठा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडात बसत नाही. डबा मी पर्समध्ये घालून आणला.

आमच्या कंपनीत हल्ली काय चालतं ते सांगते, तेवढंच तुझं मन रमेल. जाहिरात विभागाचे प्रमुख आहेत, आम्ही त्यांना हसरे म्हणतो, कारण कुणी मेलं तरी त्यांचे दात दिसतात. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की "हाडं मजबूत करते" असं छापायचं नाही, कायदा आड येतो. "मजबूत हाडांसाठी" असं छापायचं. "करते" म्हटलं तर पुरावा दाखवावा लागतो, "साठी" म्हटलं की नुसती इच्छा असते, आणि इच्छेला कोण पुरावा मागणार? मला हे इतकं आवडलं होतं की घरी येऊन तुला सांगितलं आणि आपण दोघी हसलो. तू म्हणालीस, मग मीही लिहिते, "श्रीमंत होण्यासाठी बर्गर".

खरं सांगू, मी या शब्दांच्या कामात हुशार निघाले. आहाराचं शिकले ते बाजूला राहिलं. डब्यावरचा सगळ्यात मोठा शब्द, "सागरी कॅल्शियम" मधला "सागरी", तो माझा आहे. मी सुचवला तेव्हा बैठकीत टाळ्या पडल्या. त्याच्या आधी कारखान्यातून आलेल्या कागदावर दुसराच शब्द होता. तो कोणता ते जाऊ दे, कंटाळवाणं आहे.

रसवाले परवा येणार होते, आता पुढच्या आठवड्यात येतील. शेगडी, तवे, फ्रिज सगळं चालू स्थितीत दाखवा म्हणाले.

तुझी
छोटी


१६ मार्च

ताई,

काल मी तुझ्या दुकानात बर्गर केला. हसू नकोस.

रसवाले येण्याआधी शेगडी पेटते का, तवा नीट तापतो का, हे पाहायचं होतं. नुसतं पेटवून विझवायचं जिवावर आलं, म्हणून बाजारातून बिनकाट्याचा पांढरा मासा आणला. तू करतेस तसंच केलं. मासा वाफवून हाताने मोकळा केला, मिक्सरला लावला नाही, तू म्हणतेस ना, माशाचा लगदा झाला की तो मासा राहत नाही. बटाटा पिळून कोरडा केला, अंडं, चुरा, मिरपूड, लिंबाची किसलेली साल. टिक्क्या थापून फ्रिजमध्ये ठेवल्या. त्या घट्ट होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले आणि सवयीने हिशेब केला. तुझ्या एका टिक्कीत जेवढी प्रथिनं आहेत तेवढी आमच्या डब्यातून मिळवायची तर माणसाने डबा पालथा करून खायला हवा. हे मी कुठल्याच व्हिडिओत बोलले नाही. उलट "बाहेरचं तळलेलं टाळा" हे वाक्य माझ्या प्रत्येक व्हिडिओत आहे. तो पहिला व्हिडिओ पाहून तू चिडशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, बरोबरच बोललीस, मी तेल कमी करते. आणि खरंच केलंस. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती, मी नुसती खूष झाले.

पहिली टिक्की मी घाईने उलटली आणि मोडली. मग तुझा आवाज आठवला, टिक्की स्वतः तवा सोडते, आपण फक्त थांबायचं. दुसरी धड निघाली.

आणि वासावर सर आले. खिडकीत उभे राहिले आणि विचारलं, "काय गं, ताई आली की काय?" मला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण मग म्हणाले, तू तर तू, एक दे. मी म्हटलं, सर, अजून तुम्हाला इथे खायची हिंमत होते? ते म्हणाले, बुडायला आलेली पोरं दुसऱ्या दिवशी परत पाण्यात उतरतात, मीच उतरवतो, मग मी का घाबरू. लहानपणी त्यांनी मला उताणं तरंगायला शिकवलं तेव्हा पाठीखाली हात धरून असंच काहीतरी म्हणायचे. मी लाकडी मुठीचं उलथनं घेतलं, दोनदा धुतलं, आणि त्यांच्यासाठी टिक्की लावली.

मग त्यांनी पिशवीतून निळा डबा काढला. तोच, त्या दुपारी उघडलेला. डॉक्टर म्हणाले म्हणे, वयाच्या मानाने हाडं जपा. ते म्हणाले, "तुझीच पावडर आहे. आजपासून परत सुरू करतो. जेवणाआधी एक चमचा ना? पाणी दे."

मी प्रसंग निभावून नेला. डबा हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हटलं, सर, हा डबा घेऊ नका, याची मुदत संपलीय. त्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी तो मला देऊन टाकला. बर्गर खाल्ला, पान आणि काकडीसुद्धा सोडली नाही. त्यांना काहीही झालं नाही. मी तासभर तलावाच्या कठड्याशी बसून त्यांच्याकडे बघत होते, ते पोरांवर ओरडत होते, श्वास मोकळा होता.

डब्याचं म्हणशील तर, आजारपणानंतर लगेच असल्या पावडरी घेऊ नयेत. तेवढ्यासाठीच.

तुझी
छोटी


१८ मार्च

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. पहिल्या पत्रातलं तर बरंच काही. हे पत्र बसून वाच, आणि मावशी जवळ असू दे.

काल सकाळी सरांचा फोन आला. खूप खुशीत होते. म्हणाले, "तुझ्यामुळे कळलं बाई, तारीख बघून घ्यायला हवी. नवा डबा आणला, दुकानदाराकडून तारीख वाचून घेतली. पुढच्या वर्षापर्यंत चालतो." मी म्हटलं, सर, घेऊ नका, थांबा. ते म्हणाले, अगं आवाज तुटतोय, आणि फोन बंद झाला. परत लावला तर उचलेनात. तलावावर असले की फोन पिशवीत असतो.

मी होते तशी धावले. तलावावर चपला बाहेर काढायच्या असतात, मी चपलांसकट आत घुसले, रखवालदार मागून ओरडत होता, पोरांच्या आया वळून बघत होत्या. सर बाकावर बसले होते. शेजारी डबा, हातात पेला, चमचा ढवळून झालेला. मी पेला त्यांच्या हातातून हिसकावला आणि सगळं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. ते म्हणाले, हीही मुदत संपलेली की काय?

मी म्हटलं, "सर, त्यात शेवाळ नाही. कोळंबीची टरफलं आहेत. मला माहीत होतं."

आता तुला सांगते, सगळं, क्रमाने.

कारखान्यातून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, "कोळंबी व खेकड्याच्या टरफलांची पूड". हसरे म्हणाले, टरफल म्हटलं की लोकांना कचऱ्याची बादली आठवते. कुणी म्हणालं कवच, कुणी शिंपला. मी म्हणाले "सागरी". ताई, मला माहीत होतं की अ‍ॅलर्जी टरफलाची नसते, टरफलाला चिकटून राहिलेल्या मांसाची असते, आणि आमचा कारखाना ती टरफलं किती स्वच्छ करतो हे कुणी तपासलेलं नव्हतं. मी एकदा म्हटलंही, कोळंबी न चालणाऱ्यांसाठी सूचना छापायला हवी. हसरे म्हणाले, पुढच्या छपाईत बघू. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. माझ्या फोटोचा रंग चांगला आला होता, मी त्यातच होते.

आणि तो फोन. मला ऐकू आलं नाही असं मी तुला लिहिलं. ऐकू आलं होतं. केस वाळवायचं यंत्र त्या वेळी बंद होतं. तू विचारलंस, "अगं, डब्यावर सागरी लिहिलंय म्हणजे काय? पोहण्याचे सर विचारतायत." हसरे माझ्या शेजारीच उभे होते, आरशात मला दिसत होते. मी म्हटलं, "काही नाही गं, शेवाळ-बिवाळ असतं."

शेवाळ त्यात चवीपुरतं होतं, जाहिरातीत हिरवा रंग दाखवायला. बाकी सगळा डबा त्या "बिवाळ"मध्ये होता. आपण चहा-बिहा म्हणतो, पाऊस-बिऊस म्हणतो, त्या दुसऱ्या शब्दाला अर्थच नसतो, म्हणून त्यात काहीही लपवता येतं. कंपनीने मला हे शिकवलं नाही, हे माझ्याच जिभेवर तयार होतं.

सरांना कोळंबी चालत नाही हे मला माहीत होतं का? तू शंभरदा सांगितलेलं आहेस. त्या क्षणी आठवलं का? आठवायच्या आत मी बोलून मोकळी झाले होते. फोन ठेवला आणि मग आठवलं. तेव्हा परत फोन करता आला असता. तू तिकडे त्यांना म्हणत असशील, माझी बहीण सांगतेय, घ्या डोळे झाकून. त्यांनी तुझ्याच पेल्यात चमचा ढवळला असेल. तेवढा वेळ होता, ताई. पण मेकअपवाली म्हणाली, मॅडम, मान वर करा. आणि मी मान वर केली.

पुढचं तुला माहीत आहे. संध्याकाळी माझ्यापर्यंत बातमी आली. मला लगेच कळलं की हे उलथन्याचं काम नाही. पण तोवर तू डॉक्टरांना सांगून मोकळी झाली होतीस की चूक माझी, आणि सरांनी त्यांना सांगितलं होतं की पावडर शेवाळाची आहे. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला आणि दोघांनी मिळून मला सोडवलं. मी काहीच करायची गरज उरली नाही. मी नुसती गप्प बसले, आणि मग तुला समजूत घालणारं पत्र लिहिलं. चूक कोणाच्याही हातून होते, असं लिहिलं. माझ्याच चुकीची तुला माफी देऊन टाकली मी. हे वाक्य आठवलं की मला स्वतःची किळस येते. आरशासमोर उभं राहवत नाही, आणि माझं तर कामच आरशासमोरचं.

सरांनी ऐकलं आणि वाकून ओले पाय पुसले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या ताईला माहीत आहे?"

मी नाही म्हटलं.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? आधी तिला सांग."

म्हणून सांगते. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. तू काही मिसळलं नाहीस, काही विसरली नाहीस. मी विनवते, मावशीच्या घरी उठून स्वतःच्या हाताने पाणी ओतून पी.

छोटी


२५ मार्च

ताई,

उत्तर मागत नाही. फक्त काय केलं ते कळवते, म्हणजे दुसऱ्याकडून वेगळं कानावर येऊ नये.

अन्न तपासणी कार्यालयात जाऊन तक्रार दिली, सरांचे दोन्ही डबे जमा केले. तिथल्या बाईंनी माझा चेहरा आणि डब्यावरचा चेहरा आळीपाळीने पाहिला आणि विचारलं, या तुम्हीच ना? हो म्हणताना मान वर होईना.

हसऱ्यांनाही सांगितलं. पहिल्यांदा त्यांचे दात दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कंपनीने जाहीर केलं की डब्यावरचा शब्द आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरला होता. सगळे मला म्हणतात, बघ, तुझ्यावर ढकलून नामानिराळे झाले. आणि मला तर काही बोलताच येत नाही, कारण ते खरं आहे.

तुझ्या दुकानाच्या खिडकीत उभं राहून एक व्हिडिओ केला. मेकअप नाही, कोट नाही. डब्यात काय आहे ते सांगितलं, सरांना काय झालं ते सांगितलं, तुझ्या तव्यांच्या दोन भिंती दाखवल्या. बोलताना मधेच रडू आलं, तो भाग काढून टाकला, कारण रडण्याचाही माल विकला जातो हे मला माहीत आहे. माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारी बरीच माणसं यायची थांबली. एक बाई तेवढ्या आल्या आणि विचारू लागल्या, तुम्ही मला जवस खायला सांगितलं होतं, ते जवसच आहे ना? मी त्यांना हसले नाही.

रसवाल्यांना मी परत पाठवलं. माझ्या दुकानाचा निर्णय घेणारी तू कोण, असं तू विचारशील. खरंच आहे, मी कुणी नाही. तुला विकायचंच असेल तर सांग, मी स्वतः जाऊन त्यांना बोलावून आणीन. तोवर रोज शटर उघडते, झाडते, बंद करते. शटर आता मला उचलता येतं.

छोटी


३० मार्च

छोटे,

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

तुझी आधीची पत्रं मी उघडलीच नव्हती, उशाखाली होती. चौथं मावशीने फोडलं आणि मोठ्याने वाचलं. नंतर मी मागची काढून वाचली. म्हणजे तू मला समजावतेस ते मी सगळं कळल्यावर वाचलं. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. मावशी म्हणते मोठी बहीण आहेस, पोटात घाल. माझ्या पोटात सध्या जागा नाही.

मी गेले कित्येक दिवस माझ्या हाताकडे बघत बसले होते. काल कांदा चिरला. हात ठीक आहे.

मी येते आहे. दुकान विकायचं नाही. तू सकाळपासून खिडकीत उभं राहायचं. गिऱ्हाईक विचारेल यात काय आहे, तर एकेक नाव घेऊन सांगायचं. वगैरे म्हणायचं नाही, बिगैरे म्हणायचं नाही. ही कोण म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगेन ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टरीण म्हणणार नाही एवढं नक्की.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या दुपारी माझ्या हातात लाकडी मुठीचं उलथनं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून आठवत होतं. हाताला त्या मुठीची खूण कळते. पण तू शेवाळ म्हणाली होतीस. तू खोटं सांगशील असं माझ्या मनातच आलं नाही, म्हणून मी माझ्याच हाताला खोटं ठरवलं.

सरांना सांग, लाकडीच होतं.

ताई